कोरी राहायला हवी ती ट्यूब

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: "ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायॉलॉजी. एचआयव्हीसारख्या रेट्रोव्हायरसवर संशोधन करायचं मनात आहे. घरचे म्हणतात डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा कर, लवकर हाताला काम लागेल. या संशोधनात खरंच आयुष्य काढता येतं का? आणि तिथे दिवसभर नेमकं करतात तरी काय?"

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

दिवसभर आम्ही पाण्यासारखं दिसणारं काहीतरी एका बारक्या ट्यूबमधून दुसऱ्या ट्यूबमध्ये टाकतो. थट्टा नाही. सव्वीस वर्षं मी हेच केलं आणि आता आर्वीकडे आमच्या गावी येऊन संत्र्याच्या झाडांना आळी करते आहे. एक मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग, पिपेटच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा थेंब. आरएनए हाताळायचा असेल तर ट्यूब बर्फात, हातात मोजे, आणि उघड्या ट्यूबवर तोंड करून बोलायचं नाही. आपल्या घामात आणि थुंकीत आरएनए खाणारे एन्झाइम असतात, आरएनेज म्हणतात त्यांना. उकळलं तरी ते सहजी मरत नाहीत. पहिले सहा महिने माझा आरएनए रोज मरायचा. सकाळी नऊला सुरू केलेलं काम संध्याकाळी जेलवर, म्हणजे रेणू आकाराप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांत वेगळे करणाऱ्या जेलीच्या वडीवर बघायचं, तर पट्ट्यांच्या जागी नुसता धूर पसरल्यासारखा डाग. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

रेट्रोव्हायरसची पुस्तकातली व्याख्या तुला पाठ असेल, म्हणून मी सात-बाऱ्यावरून सांगते. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते, आपल्या हाती पडतो तो उतारा. पेशीतही तसंच. डीएनए हे दप्तर, आरएनए हा उतारा. दप्तरावरून उतारा निघतो, उताऱ्यावरून कोणी दप्तर लिहीत नाही. १९७० पर्यंत बहुतेक जीवशास्त्रज्ञ हेच धरून चालले होते. रेट्रोव्हायरस हा असा इसम आहे की हातात नुसता उतारा आणि सोबत स्वतःचा कारकून घेऊन येतो. कारकून उताऱ्यावरून नोंद लिहितो, आणि इसम आपल्या नावाचा फेरफार मूळ दप्तरात चढवून मोकळा होतो. तो कारकून म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. नोंद दप्तरात चिकटवणारा दुसरा एक आहे, त्याचं नाव इंटिग्रेज. पुढे पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोन्हींच्या दप्तरात तो फेरफार आलाच.

एचआयव्हीची मुख्य औषधं या दोघांचे हात बांधतात, नवी नोंद होऊ देत नाहीत. जुनी नोंद मात्र खोडत नाहीत. गोळ्या आयुष्यभर का घ्यायच्या, याचं कारण एवढंच. कारकून लिहिलेलं परत तपासत नाही, म्हणून चुकाही फार करतो आणि त्या चुकांतूनच एखादा औषधाला न जुमानणारा व्हायरस निघतो. तीन औषधं एकत्र देतात ती त्यासाठी. तिघांनाही एकदम चुकवेल अशी चूक होणं फार अवघड असतं.

आणखी एक सांगते, कारण वर्गात हे कोणी सांगत नाही. असे जुने फेरफार तुझ्या-माझ्या दप्तरातही आहेत. माणसाच्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी घुसलेल्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे. त्यातल्या एकाचं प्रथिन आज आईच्या पोटात वार तयार करायच्या कामी येतं. तुमच्या शेतातल्या पऱ्हाटीतही त्यांचे भाऊबंद आहेत, रेट्रोट्रान्सपोझॉन नावाचे. देशी कापसाचा जीनोम पेरूतल्या एका रानकापसाच्या दुप्पट आहे, तो मुख्यतः या नोंदी वाढत गेल्यामुळे. तेव्हा हा विषय फक्त दवाखान्यातला आहे असं समजू नकोस.

त्याची सुरुवातही दवाखान्यात झाली नाही. ती एका कोंबडीपासून झाली. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांच्याकडे प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आणली गेली, छातीवर मोठी गाठ असलेली. राउसनी गाठ वाटली, पेशी आणि जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळली आणि तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. १९११ मध्ये त्यांनी ते छापलं. कॅन्सर व्हायरसमुळे होऊ शकतो हे फार थोड्यांना पटलं आणि राउस स्वतः काही वर्षांनी दुसऱ्या कामाकडे वळले. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, ८७व्या वर्षी. आपल्याकडे कोंबडी कापताना कलेजीवर पांढऱ्या गाठी दिसल्या की बाया ती फेकून देतात. तशा गाठी या कुळातल्या व्हायरसमुळे येऊ शकतात आणि मॅरेक नावाच्या अगदी वेगळ्या हर्पिसव्हायरसमुळेही. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. हे वाक्य ध्यानात ठेव, पुढे लागेल.

हॉवर्ड टेमिन त्याच कोंबडीच्या व्हायरसवर काम करत होते. व्हायरस आरएनएचा असूनही पेशीत त्याची डीएनए प्रत होत असली पाहिजे, असं ते १९६४ पासून सांगत होते. पुरावे आडवळणाचे होते. डीएनएवरून आरएनए निघायचं थांबवणारं ॲक्टिनोमायसिन डी हे औषध दिलं की हा व्हायरस वाढायचा थांबतो, मग मध्ये डीएनए आलाच ना, असा त्यांचा तर्क. लोक म्हणत, औषधाने पेशीच आजारी पडली असेल. सहा वर्षं असंच चाललं. मग १९७० मध्ये विस्कॉन्सिनमध्ये टेमिन आणि सातोशी मिझुतानी, आणि एमआयटीमध्ये डेव्हिड बाल्टिमोर, दोघांनी वेगवेगळं काम करून व्हायरसच्या कणातच तो कारकून पकडला. दोन्ही लेख 'नेचर'च्या २७ जून १९७०च्या अंकात पाठोपाठ आले, पान १२०९ ते १२१३. पाच पानं. पाच वर्षांनी नोबेल.

आता इथे थांब, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा त्या पाच पानांत आहे. प्रयोग दिसायला सोपा होता. व्हायरसचे कण घ्यायचे, त्यात डीएनए बनायला लागणाऱ्या विटा टाकायच्या, त्यातली एक वीट किरणोत्सारी. मग बघायचं, त्या विटा जोडल्या जातात का. जोडल्या गेल्या. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पेशीतला कुठलातरी डीएनए आणि नेहमीचा कुठलातरी एन्झाइम व्हायरससोबत वाहून आला असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं. म्हणून दोघांनीही आणखी एक ट्यूब ठेवली. तिच्यात आरएनेज घातलं. उतारा आधीच फाडून टाकला. त्या ट्यूबमध्ये डीएनए बनणं पार उतरलं. म्हणजे लिहिलं जात होतं ते उताऱ्यावरूनच. जिच्यात डीएनए बनला त्या ट्यूबने बातमी दिली, आणि जिच्यात बनला नाही तिच्यामुळे ती बातमी खरी ठरली.

आमच्या धंद्यात तिला कंट्रोल म्हणतात. जी ट्यूब कोरी राहायला हवी ती. पगार मिळतो तो खरं तर तिचा.

मला हे कसं कळलं ते सांगते, लाज वाटते तरी. १९९६ची गोष्ट, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. व्हायरस शिरलेल्या पेशींत एक विशिष्ट आरएनए बनतो का, हे मी बघत होते. रीत अशी की पेशींतून आरएनए काढायचा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने त्याची डीएनए प्रत करायची आणि पीसीआरने ती वाढवायची. कोरोनात नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर तीच. त्यातलं आरटी म्हणजे हाच कारकून. सोबत एक ट्यूब कारकुनाशिवाय ठेवायची असते. बाकी सगळं तेच, फक्त तो नाही. तिच्यात पट्टा दिसला तर समजायचं की आपण आरएनए पाहतच नाही, कुठूनतरी आलेला डीएनए पाहतोय.

एन्झाइम महाग होतं, बर्फाच्या डब्यात विमानाने यायचं. पट्टे झकास येत होते. म्हणून मी ती ट्यूब ठेवणंच बंद केलं. काटकसर म्हणून नाही, आता खरं बोलायला हरकत नाही, ती ट्यूब नेहमी कोरीच असायची आणि मला तिचा कंटाळा आला होता. चार महिन्यांनी प्रबंधात लावायला चांगलं चित्र हवं म्हणून पुन्हा ठेवली. अंधाऱ्या खोलीत यूव्हीच्या दिव्यावर जेल ठेवलं. पट्टे पिकल्या संत्र्याच्या रंगाचे चमकतात. कारकुनाशिवायच्या ट्यूबमध्येही तसाच पट्टा होता, त्याच उंचीवर, तेवढाच ठळक.

कारण शोधायला तीन आठवडे लागले. त्याच जनुकाचा तुकडा असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं कडं, मी त्याच टेबलावर, त्याच पिपेटने बनवत होते. पिपेट सोडताना हवेत उडणारा अदृश्य तुषार पिपेटच्या पोटात बसतो आणि पुढच्या प्रत्येक ट्यूबमध्ये थोडाथोडा उतरतो. पीसीआरला तेवढाही पुरतो. एका रेणूच्या तीस फेऱ्यांत शंभर कोटी प्रती होतात, हिशेब करून बघ. पुढे आम्ही पिपेट वेगळे केले, प्लाझ्मिडची जागा दुसऱ्या खोलीत नेली, फिल्टरच्या टिप मागवल्या आणि आरएनएला आधी डीएनेज, म्हणजे डीएनए खाणारं एन्झाइम, द्यायला लागलो. चार महिन्यांच्या जेलचे फोटो एका पाकिटात भरून मी गाइडपुढे ठेवले. ते ओरडले नाहीत. "कुठे छापायला दिलंस का? नाही ना? मग वाचलीस," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

त्या दसऱ्याला घरी आले ती तोंड पाडूनच. बाबा मला वावरात घेऊन गेले. त्या वर्षी कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून त्यांनी पऱ्हाटीला कसलंसं टॉनिक मारलं होतं, आणि बांधाकडची चार तासं, म्हणजे ओळी, मुद्दाम सोडून दिली होती. बोंडं दोन्हीकडे भरपूर. बाबा म्हणाले, "बोंडं लागली तं खरी. पण ह्या सोडलेल्या तासाईतबी तेवढीच हाय. पाणी बरं झालं यंदा. मंग टॉनिकचं नाव कायले घेऊ?" चौथी शिकलेला माणूस. आमच्या विभागात कंट्रोलवर जी व्याख्यानं झाली ती मला त्यापुढे पाणचट वाटली. तुझ्याही घरी कोणीतरी अशी तासं सोडत असेल. विचारून बघ.

हे न केल्याने काय होतं त्याचं मोठं उदाहरण ऐक. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये एक लेख आला. सतत थकवा येण्याच्या एका दीर्घ आजारात १०१ पैकी ६८ रुग्णांमध्ये एक्सएमआरव्ही नावाचा, उंदरांच्या व्हायरसशी नातं असलेला रेट्रोव्हायरस सापडला, असं त्यात होतं. वर्षानुवर्षं "तुम्हाला काही झालेलं नाही" असं ऐकलेल्या लोकांना अखेर कारण मिळालं. काहींनी स्वतःहून एचआयव्हीची औषधं सुरू केली. काही देशांनी या रुग्णांचं रक्तदान थांबवलं. मग दुसऱ्या प्रयोगशाळा शोधायला लागल्या, आणि सापडेना. शेवटी उलगडा झाला तो असा: १९९० च्या दशकात प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांमध्ये वाढवताना उंदरांच्याच जीनोममधल्या दोन जुन्या नोंदी एकमेकींत मिसळल्या आणि प्रयोगशाळेतच हा नवा व्हायरस तयार झाला. तिथून तो पेशींबरोबर, रसायनांबरोबर फिरला. डिसेंबर २०११ मध्ये लेख मागे घेतला गेला. ते रुग्ण मात्र होते तिथेच राहिले. मला राग येतो तो त्याचा.

आता तुझ्या घरच्यांचं. डीएमएलटीला नाक मुरडू नकोस. एचआयव्हीच्या रुग्णाला औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी आणि पुढे नियमित व्हायरल लोडची तपासणी लागते, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये व्हायरसच्या किती प्रती आहेत ती मोजणी. ती करणारे हात तंत्रज्ञांचेच असतात, आणि चांगला तंत्रज्ञ अर्ध्या पीएच.डी.वाल्यांपेक्षा जास्त जाणतो. पण तू बी.एस्सी. संपवतेच आहेस, तर एम.एस्सी.चा एक प्रयत्न कर. प्रवेश परीक्षांपैकी आयआयटी-जॅम दे, बायोटेक्नॉलॉजीसाठी गॅट-बी दे. अमरावती आणि नागपूर विद्यापीठही आहेतच. एम.एस्सी.च्या वर्षांत विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत, वर विद्यावेतन. तिथे जाऊन आलीस की तुला हे आवडतं की नाही हे तुझं तुलाच कळेल, मला विचारावं लागणार नाही.

पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षेतून मिळणारी पीएच.डी.ची फेलोशिप, निघाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. घरी हा आकडा आधी सांग, बाकीचं मागून. हप्ता कधीकधी महिनोन्महिने अडकतो, तेही सांग. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर, त्यानंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. कायमच्या जागा थोड्या, अर्ज ढीगभर. माझ्याबरोबर पीएच.डी. झालेल्या सात जणांपैकी तिघं संशोधनात टिकलो. बाकीचे उपाशी नाहीत; कोणी तपासणीच्या किट बनवतं, कोणी लसीच्या कारखान्यात आहे, एकीने अमरावतीत शिकवणी काढली आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावते.

जागा कुठे? पुण्यात भोसरीला १९९२ साली सुरू झालेली आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे, आता तिचं नाव बदलून विषाणूशास्त्राचंही काम त्यात घेतलं आहे. पुण्यातच १९५२ पासूनची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. भारतात जास्त करून एचआयव्ही-१चा सी उपप्रकार आढळतो. औषधांचं सुरुवातीचं बरंच काम पाश्चात्त्य देशांतल्या बी उपप्रकारावर झालेलं, तेव्हा इथल्या माणसांनी इथल्या व्हायरसवर करायचं पुष्कळ उरलं आहे.

आणि नवं दार उघडलं आहे ते उलट बाजूने. एचआयव्हीच्या अंगातली रोग करणारी जनुकं काढून टाकायची, फेरफार चढवायची कला तेवढी ठेवायची. असा रिकामा केलेला व्हायरस आपल्याला हवं ते जनुक पेशीत नेऊन बसवतो, त्याला लेंटिव्हायरल वेक्टर म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेलं नेक्सकार१९ हे रक्ताच्या कॅन्सरवरचं उपचार-तंत्र याच वाटेने रुग्णाच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, नवी नोंद देतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली. तू पीएच.डी.ला पोचशील तेव्हा या कामाला माणसं लागतील, हा माझा अंदाज.

आईला वेगळी भीती असेल. माझ्या आईला होती. "एड्सच्या कारखान्यात पोरगी आहे" असं कोणी म्हणू नये म्हणून तिने तीन वर्षं नात्यात सांगितलं की मी औषधाच्या कंपनीत आहे. सुरुवातीचं पुष्कळसं काम वाढू न शकणाऱ्या व्हायरसवर किंवा त्याच्या सुट्या तुकड्यांवर असतं. जिवंत व्हायरस हाताळायला बंद, हवा आत ओढणारी वेगळी खोली, दुहेरी मोजे आणि आधी काही महिन्यांचं प्रशिक्षण असतं. चुकून सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. मी ते एकदा घेतलं आहे. पोट बिघडलं, बाकी काही झालं नाही. आईला त्यानंतर दहा वर्षांनी सांगितलं.

इंग्रजीचा धसका घेऊ नकोस. मी बारावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मराठी माध्यमातली. संशोधनाचा लेख पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी चित्रं आणि तक्ते बघायचे, मग पद्धत, मग बाकीचं. लेखकाला काय वाटतं हा भाग शेवटी, कधीकधी नाही वाचला तरी चालतो.

तर एक काम देते. 'नेचर'च्या त्या अंकातले दोन्ही लेख कॉलेजच्या ग्रंथालयातून मागव. शब्द अडला तर वहीत लिहून पुढे जा. आरएनेज घातलेली ट्यूब दोन्हींत कुठे आहे ते शोध, आणि ती नसती तर तू लेखकांना कोणता प्रश्न विचारला असतास, तो मराठीत लिहून पानाच्या फोटोसोबत मला पाठव. कापूस वेचायला लागेपर्यंत वेळ आहे, घाई नाही.